एकटीला विचारलं तेव्हा

विठ्ठलवाडीतल्या एका घरी मी बायकांच्या हाडांवरच्या संशोधनासाठी गेलेले. घरोघरी जाऊन माहिती सांगायची आणि तयार असेल तिची संमतीपत्रावर सही घ्यायची, हे माझं काम. घरात सासू आणि सून. सासूबाईंनी माहितीपत्रक हातात घेतलं, वाचलं मात्र नाही.

"आपल्या डॉक्टरांनीच पाठवलंय ना? मग वाचायचं काय! आम्ही दोघी आहोत, लिही."

सही करून त्यांनी पेन सुनेकडे सरकवलं. तिनेही केली. मी पोहे खाऊन निघाले.

जिन्यात सून मागून आली, हातात कचऱ्याची बादली.

"ताई, रक्त दर तीन महिन्यांनी घेणार ना? नाही म्हटलं तर चालतं?"

"चालतं. कारणही सांगावं लागत नाही."

"मग नको. पण आईंना सांगू नका."

तिने माघार घेतल्याची नोंद मी तिथेच, पायरीवर बसून केली.

पुढच्या आठवड्यात सासूबाईंना तपासणीची तारीख द्यायला गेले, तर त्यांनी विचारलंच, "आणि हिची?"

खोटं बोलायचं नाही, हे मी येतानाच ठरवलेलं. "काकू, कोण भाग घेतंय, कोण नाही, हे मी घरच्यांनाही सांगत नाही. खरं तर प्रत्येकीला एकटीला विचारायला हवं होतं. दोघींना एकत्र बसवलं, ती माझी चूक."

सून मान खाली घालून मेथी निवडत होती. सासूबाई उठल्या.

"मग मला तरी कुठे एकटीला विचारलंस?"

वाटलं, आता हाकलणार. त्यांनी मला गॅलरीत नेलं आणि दार ओढून घेतलं.

"रक्तात काही निघालं तर मुलाला सांगणार?"

"तुम्ही हो म्हणालात तरच."

"आणि मधेच सोडलं, तर डॉक्टर पुढे मला नीट बघतील ना?"

"बघतील. त्याचा उपचारांशी संबंध नाही."

मग त्यांनी पत्रक ओळीखाली बोट ठेवत पूर्ण वाचलं. "आता घे माझी सही," म्हणाल्या. सुनेचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

तेव्हापासून मी सगळ्यांसमोर माहिती देते. आपल्याकडे घराला डावलून चालत नाही. पण भाग घेणार का, हा शेवटचा प्रश्न प्रत्येकीला एकटीलाच विचारते. वेळ दुप्पट लागतो. ऑफिसात त्यावरून बोलणी खाल्लीत, पण पद्धत बदललेली नाही.