दिव्याचं बटण कुठे?

मंडळी, दुपारपासून डोकं ठिकाणावर नाही.

जुनं घर पाडून त्याच जागेवर आम्ही दोघं नवं बांधतोय, हे तुम्हाला माहीतच आहे. आज वायरमनने माझ्या हातात खडू दिला. "ताई, बटणं कुठे हवीत तिथे खुणा करा. उद्या भिंत फोडून पाइप टाकायचेत."

बेडरूममध्ये मी खूण केली, पुसली, पुन्हा केली. आमचे हे एकलहऱ्याच्या वीज केंद्रात नोकरीला. वैतागून म्हणाले, "अगं, साधं बटण आहे! किती घोळ घालतेस?"

वायरमन हसला. "ताई, पलंग येणार तिथे उभ्या राहा, डोळे मिटा. अंधारात हात जाईल तिथे बोर्ड."

मी डोळे मिटून हात लांब केला. हाताला भिंतच लागली नाही. जुन्या घरात तिथे बोर्ड होता, इथे खिडकी आहे.

"सरक, मी दाखवतो," म्हणत ह्यांनी डोळे मिटले. ह्यांचा हातही त्याच खिडकीतून बाहेर!

घर पाडायची घाई दोघांनाही होती, मग दोष कुणाला देणार?

बोर्डाची जागा अजून ठरली नाही, खडू पर्समध्ये तसाच आहे. ज्यांनी घर पाडून बांधलंय त्यांनी खरं सांगा, हाताला नवं घर कळायला किती दिवस लागतात?

लवकर सांगा. वायरमन सकाळी आठला येतोय.