कापसावर बसणाऱ्या पोरी

आमच्या गावच्या शाळेत रजियाबी शिवण शिकवायच्या. पुढे शिवणाचा विषय बंद झाला, आणि त्याच वर्षी एका संस्थेनं नववी-दहावीच्या मुलींना घरी न्यायला लॅपटॉप दिले. ते शिकवायला कोणीतरी हवं होतं. मुख्याध्यापकांनी रिकाम्या झालेल्या रजियाबींना नेमलं. दुसरं कोणी नव्हतंच.

त्यांची मुलगी तुबा अकोल्याला जठारपेठेत झेरॉक्सच्या दुकानात काम करते. स्वयंपाक आवरला की फोनवर तिच्याकडून शिकायचं आणि सकाळी बाळापूरहून एस.टी.नं येऊन तेच मुलींना सांगायचं, असं त्यांचं चालू झालं. कधी मुलीच पुढे असत. "तुले येते ना, मंग तूच सांग," म्हणून त्या खुर्चीत बसून घेत. थकलेल्याच असत. गुडघे धरलेले, वर एस.टी.चे धक्के.

माझी सीमा दहावीत. पहिल्या दिवशी ती दारावरची बेल दाबावी तशी बटणं दाबत होती. रजियाबींनी तिचं बोट हातात धरून हलकं केलं. पहिला धडा कुठला, तर अकोल्याच्या बाजारातला कापसाचा भाव शोधायचा. घरी जाऊन बापाला भाव सांगा, मग लॅपटॉपला कोणी नावं ठेवणार नाही, असं त्यांनी मुलींना बजावलं. झालंही तसंच. पोरीच्या हाती हे कशाला म्हणणारे सीमाचे बाबा रोज संध्याकाळी तिच्या पाठीशी येऊन उभे राहू लागले. भाव काही हलत नव्हता.

आदल्या वर्षी तो खूप चढला होता. तसाच पुन्हा चढेल म्हणून सगळ्या गावानं कापूस घरातच ठेवला होता. आमची मधली खोली आढ्यापर्यंत भरली. ओसरीवर माणसं बसायची, स्वयंपाकघरात धूर. मग सीमा लॅपटॉप घेऊन कापसावरच बसायची. अंगाला खाज सुटायची, पण थंडीत तेवढीच ऊबदार जागा होती. घरोघरी हेच होतं.

दिवाळीनंतर लॅपटॉप तापून आपोआप बंद पडू लागले. सीमाचाही पडला. अकोल्याहून दुरुस्त होऊन आला, सोबत निष्काळजीपणाचा शेरा. लॅपटॉप दुसऱ्यांदा बिघडला तर परत घ्यायचा, अशी संस्थेची अट होती. संक्रांतीच्या सुमारास तो पुन्हा बंद पडला. शाळेत गणिताच्या सरांची जागा रिकामीच होती. सीमाचं सगळं गणित त्या लॅपटॉपमधल्या धड्यांवर चाललं होतं, आणि तिला अमरावतीला तंत्रनिकेतनला जायचं होतं. मी बी.ए. झालेली, मला काही ते गणित झेपत नाही.

मुख्याध्यापकांनी बिघडलेले लॅपटॉप जमा करायला सांगितले. रजियाबींनी थोडी मुदत मागितली आणि मुलींच्या घरी जायला निघाल्या. आमच्याकडे आल्या तेव्हा चहासुद्धा नको म्हणाल्या. सीमा रोज कुठं बसते ते दाखव, एवढंच. मी मधल्या खोलीचं दार उघडलं. त्या उंबरठ्यावरच थांबल्या.

"अवं माय," त्या म्हणाल्या, "हे तं माया बापाचं दुकानच झालं."

त्यांचे वडील पिंजारी. गाद्यांसाठी कापूस पिंजता पिंजता त्यांना खोकला जडला, आणि त्यातच ते गेले. त्या दुकानात रेडिओसुद्धा कधी वर्षभर टिकला नाही, असं त्या सांगत होत्या. सांगता सांगता त्यांनी लॅपटॉप पालथा केला, केसातली पिन काढली आणि खालच्या फटीतून कापसाचा करडा बोळा ओढून काढला. मशीन खालून हवा ओढतं, माणूस श्वास घेतो तसं. त्यात हे जाऊन बसतं, म्हणाल्या.

सीमाचे बाबा मागे उभे होते. "म्हंजे कापूस काढा म्हनता का, मॅडम? भाव तं तुमीच रोज दाखवून राहिल्या."

"कापूस काढा नाई म्हनत, दादा. पोरीले बाहेर काढा."

बाहेर म्हणजे कुठं, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रजियाबींनी मुख्याध्यापकांना सांगितलं, की मशीन कसं चालवायचं ते शिकवलं, ते कुठं ठेवू नये हे मी शिकवलंच नाही; हा बिघाड पोरींच्या नावावर लावू नका. आधी त्यांनी मानलं नाही. मग संस्थेशी फोनवर बरंच बोलणं झालं आणि एक अट पडली: लॅपटॉप राहतील, पण शाळेत. मुलींनी शाळा सुटल्यावर तिथंच बसायचं, आणि त्यांच्यासोबत कोणीतरी थांबायचं. कोणीतरी म्हणजे रजियाबीच. त्याचा पगार नाही, आणि बाळापूरची शेवटची गाडी रोज चुकते.

आता घरचे सगळे निजल्यावर हे लिहिते आहे. आज अंधार पडला तशी मी सीमाला आणायला गेले. जुन्या शिवणवर्गात मुली ओळीनं लॅपटॉपपुढे बसल्या होत्या. सीमाच्या पडद्यावर वर्गसमीकरणं. मधोमध खुर्चीत रजियाबी बसल्याबसल्या झोपी गेलेल्या, तोंड थोडं उघडं. मुली बटणंसुद्धा हळू दाबत होत्या. दाराशी त्यांना न्यायला आलेले त्यांचे मालक वाहेदभाई मोटारसायकल बंद करून उभे होते. उठवू का म्हणून मी पुढे झाले, तर त्यांनी हातानंच थांबवलं.

"झोपू द्या, भाभी. घरी गेली का सयपाक हाये."

मीही दाराशी उभी राहिले. सीमानं माझ्याकडे पाहिलं, आणखी एक गणित आहे असं बोटानं खुणावलं, आणि पुन्हा खाली मान घातली.