सतराचा पाना

हे मी आजवर कुणाला बोललेलो न्हाय. बायकोला न्हाय, आईला न्हाय. तुमालाच का सांगतोय — ते बी मला धड ठाऊक न्हाय. तुमी माझ्या गल्लीतले न्हवं, नात्यातले न्हवं, म्हणून असंल. आणि सांगायचं तरी काय, तर एका मोटरसायकलचं इंजिन मी तपासलं न्हाय. बस्स. ह्यात काय एवढं, म्हणाल. थांबा की जरा, मला नीट जुळवू द्या.

मी मेकॅनिक न्हाय. शाळेच्या ऑफिसात कारकून हाय. पण पाना हातात धरायची खोड लहानपणापासनं. मंगळवार पेठेत आमच्या दारात रविवारी सकाळी दोन-चार गाड्या लागलेल्याच असायच्या. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला, मूठ कानाला — आणि डोळं मिटून मी सांगायचो, टॅपेट वाजतंय, चेन सैल झालीया. लोक माना डोलवायचे. ते मला लई आवडायचं. खोटं कशाला बोलू?

माझी थोरली बहीण — अक्का. तिचा नवरा, आमचे दाजी. दाजी हायस्कूलात मास्तर, माणूस एकदम गरीब गाय. अक्का घरी ब्लाऊज शिवायची. तीन गल्ल्यांतल्या बायका तिच्याशिवाय दुसरीकडं कापड टाकायच्या न्हाईत. मी आणि दाजींनी एकाच दिवशी एकाच मॉडेलच्या गाड्या घेतलत्या. त्यांची काळी, माझी लाल.

एका रविवारी दाजी मोबाईल घेऊनच आले. ह्या मॉडेलात एक कच्चा दुवा हाय म्हणाले. ऑइल पंप फिरवणारं प्लास्टिकचं चाक झिजतंय, मग ऑइल इंजिनच्या डोक्यापर्यंत चढतच न्हाय. घरी तपासता येतंय — वरची टॅपेटची टोपी सतरा नंबरच्या पान्यानं खोलायची, गाडी चालू ठेवायची आणि आत ऑइल येतंय का बघायचं. मला आधी ठाऊक नसलेलं कुणीतरी मला सांगतोय, आणि ते बी माझ्या दारात, चार माणसांसमोर! मी म्हणालो, “दाजी, तुमी खडू सांभाळा. इंजिन आमच्यावर सोडा.” सगळी खो-खो हसली. दाजी बी हसले.

पण डोक्यात किडा शिरलाच. खंडेनवमीच्या तीन दिवस आधी, घरातली सगळी बाहेर गेल्यावर, मी मागच्या अंगणात माझी गाडी घेतली. टोपी खोलली. गाडी चालू केली. एक मिनिट गेलं, दोन गेली. आत कोरडं ठाक.

मग मी काय केलं? दाजींना फोन? छ्या. जिथं मला कुत्रं बी ओळखत न्हाय अशा लांबच्या गॅरेजात गेलो आणि ते चाक बदलून आणलं. घरी येऊन पुन्यांदा टोपी खोलली, तर ऑइल कसं उड्या मारत आलं. मी टोपी लावली आणि गप बसलो. दाजींना सांगायचं म्हणजे त्या चार माणसांत कबूल करायचं, की मास्तर बरोबर होता. सांगू की, सण झाल्यावर सांगू, असं मनाशी म्हणालो. तवा म्हणालो, का हे मी मागाहून रचलं? देवाशपथ, मला आता ओळखू येत न्हाय.

खंडेनवमीला आमच्यात सगळी हत्यारं धुऊन पाटावर मांडतात. हळदकुंकू, झेंडूची फुलं. एकदा पुजली की दुसऱ्या दिवशी सोनं लुटून होईस्तवर कुणी हात लावायचा न्हाय. गावातली गॅरेजं बी बंद. त्या सकाळी दाजी आणि अक्का दारात आले. दसऱ्याला गारगोटीजवळ त्यांच्या गावाकडं निघालेले, पिशवी टाकीवर बांधलेली. अक्का आईला भेटायला आत गेली. दाजी माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात — आजूबाजूला कुणी न्हवतं, तरी हळू, माझा मान राखून — म्हणाले, “तेवढी टोपी खोलून बघतोस काय? हिला मागं घेऊन चाललोय.”

मी म्हणालो, “हत्यारं पुजलीत, दाजी. उचलू कशी?”

त्यांनी लगेच पाटाकडं बघून हात जोडले. म्हणाले, न्हाय न्हाय, नको, ऱ्हाऊ दे. मग मीच स्वयंपाकघरातनं लाटणं आणलं. लाटण्याचं एक टोक इंजिनला, एक कानाला. डोळं मिटलं. काय ऐकू आलं? तीन वर्षं मी हेच आठवतोय. बारीक चरचर होती — होती का? का माझ्याच कानात ती आता शिरलीया? मी डोळं उघडलं आणि म्हणालो, “ठणठणीत हाय. बिनघोर जावा.”

गाव चार किलोमीटरवर असताना इंजिन जाम झालं. मागचं चाक आवळलं. दाजींना खरचटलं. अक्का उजव्या हातावर पडली. मनगटाचा चुरा झाला. दोन ऑपरेशनं झाली, तरी बोटं मिटत न्हाईत. तिच्या शिलाई मशीनवर आता जुनी चादर टाकलेली असती.

इथं थांबलो असतो तरी एक वेळ — पण न्हाय. पडल्यावर इंजिन खालनं फुटलतं, सगळं ऑइल रस्त्यावर. आधी किती होतं, कोण सांगणार? दवाखान्यात सगळ्या पावण्यांसमोर मी दाजींना विचारलं, “निघताना ऑइल बघितलासा न्हवं?” त्यांना आठवंना. त्या दिवसापासनं दाजी म्हणतात, चूक माझीच. गाडीला त्यांनी परत हात लावला न्हाय. शाळेत बसनं जातात. अक्का कधी चिडली की त्यांना बोलती, आणि ते मान खाली घालून ऐकून घेतात. मी त्या घरात जातो, चहा पितो, येतो. मला लाज वाटती. पण लाज वाटून बी माझं तोंड उघडत न्हाय, हे कसं काय?

आणि अजून एक राहिलंच. सगळी हत्यारं पुजलीत, असं म्हणालो न्हवं मी? सतराचा पाना पाटावर न्हवताच. तीन दिवस आधी माझ्या गाडीची टोपी खोलल्यावर कुणी विचारू नये म्हणून तो मी मोरीच्या खिडकीत, साबणाच्या डब्यामागं ठेवलता. दाजी हात जोडत होते तवा त्याचं टोक मला दारातनं दिसत होतं.

आता दरसाल तो पाना पाटावर असतो. यंदा अक्का आलती. आईनं तिलाच पूजा करायला बसवलं. उजवा हात वर उचलंना, म्हणून तिनं डाव्या हातानं उजवं मनगट धरलं आणि त्या वाकड्या बोटानं एकेका हत्याराला कुंकू लावलं. सतराच्या पान्याला लावताना बोट घसरलं. मी तो पाना उचलला आणि तिला नीट लावता यावं म्हणून तिच्या बोटापुढं धरला.