आईकडून आलेलं अक्षर

डॉक्टरांनी मला ते इंग्रजीत सांगितलं, कारण अव्वा, म्हणजे माझी आई, शेजारीच बसली होती आणि तिला इंग्रजी कळत नव्हतं. माझा धाकटा भाऊ तेव्हा अकरा वर्षांचा होता. दोन वर्षं तो चालताना सारखा पडायचा आणि जमिनीवरून उठताना स्वतःच्याच मांड्यांवर हात टेकत वर यायचा. पोटऱ्या मात्र भरलेल्या दिसायच्या, त्यामुळे घरात सगळ्यांना तो आळशी वाटत होता. डॉक्टर म्हणाले, स्नायू झिजत जाण्याचा आजार आहे, औषध नाही, विशीच्या आत संपतं. हा आजार आईकडून मुलाकडे येतो. मुलींना सहसा होत नाही, पण त्या तो पुढं नेऊ शकतात. हे शेवटचं बोलताना ते माझ्याकडे न बघता टॉनिकचं नाव लिहीत होते.

बाहेर आल्यावर अव्वानं विचारलं तेव्हा मी अशक्तपणा आहे म्हणून सांगितलं. गिरणीतून पाळी संपवून आलेल्या वडिलांनाही तेच सांगितलं.

सत्तरच्या दशकातली सुरुवातीची वर्षं होती ती. मी नुकतीच बी.एस्सी. होऊन सोलापुरातल्याच एका कॉलेजात रसायनशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागले होते. ज्या सरांनी मला शिकवलं होतं, त्यांच्याच हाताखाली. सर मूळचे अक्कलकोटकडचे. साठीला टेकलेले, एकटे, कमी बोलणारे. त्यांना एकच नाद होता. सजीवांची सगळी माहिती ज्या लांबलचक रेणूत लिहिलेली असते, त्याची अक्षरं पृथ्वीवर पहिल्यांदा कशी तयार झाली असतील? परदेशात कुणीतरी सायनाइडच्या द्रावणातून त्यातलं एक अक्षर, अ‍ॅडेनिन, मिळवलं होतं. सरांना ते आपल्या प्रयोगशाळेत मिळवून बघायचं होतं. मिळालं तर पुढं ती अक्षरं पाण्यात आपणहून एकमेकांना धरतात का, तेही बघायचं होतं.

ते म्हणायचे, साबणाचे रेणू पाण्यात पडले की आपले आपण गोळा होतात, त्यांना कुणी रांगेत उभं करत नाही. तसंच काहीतरी फार पूर्वी झालं असणार.

एकदा बाटल्या धुताना मी त्यांना विचारलं, त्या अक्षरांत एखादं चुकीचं पडलं तर?

"तर चुकीचंच पुढं उतरतं," सर म्हणाले. "नक्कल करणाऱ्याला चूक कळत नाही ना."

कुणाबद्दल विचारतेस, असं त्यांनी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशीपासून मी कॉलेज सुटल्यावर त्यांच्या प्रयोगात मदत करू लागले. का ते मला तेव्हाही नीट सांगता आलं नसतं. भावाला त्याचा उपयोग नव्हता, हे मला पक्कं माहीत होतं. घरी लवकर जायचं नव्हतं, हेही एक होतं. घरी तो उंबऱ्याशी बसून माझी वाट बघायचा, आणि तो आतापर्यंत किती उतरलाय हे रोज माझ्या नजरेला पडायचं.

सायनाइडचं काम खिडक्या सताड उघड्या ठेवून, तोंडाला ओला रुमाल बांधून चालायचं. कडू बदामासारखा वास आला की सर मला बाहेर काढायचे आणि स्वतः आत थांबायचे. बंद बाटलीतलं पाण्यासारखं द्रावण आधी पिवळं झालं, मग चहासारखं, आणि काही दिवसांनी डांबरासारखं काळं. त्या काळ्या राड्यावर आम्ल घालून, उकळून, गाळून जे उरलं त्याचे थेंब मी कागदाच्या पट्टीवर ठेवले. शेजारी विकतच्या शुद्ध अ‍ॅडेनिनचा थेंब. पट्टी द्रावकात उभी केली; पदार्थ एकच असला तर दोन्ही थेंब कागदावर सारख्याच उंचीपर्यंत चढतात. वाळल्यावर सरांनी पुण्याहून उसना आणलेला अतिनील दिवा त्यावर धरला. कागद निळसर उजळला आणि शुद्ध अ‍ॅडेनिनच्या बरोबरीनं, त्याच उंचीवर, आमच्या नमुन्याचा काळा ठिपका दिसला.

सर स्टुलावर बसले. बराच वेळ त्यांनी दिवा विझवला नाही. मग त्यांनी मला दुकानातून पेढे आणायला पाठवलं.

पेढे आणायला जाताना मला आठवलं. आधी शुद्ध अ‍ॅडेनिनचा थेंब ज्या काचेच्या बारीक नळीनं ठेवला, तीच मी न धुता आमच्या नमुन्यात बुडवली होती. त्या दिवशी सकाळी भाऊ न्हाणीत पडला होता, माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. मी पेढे घेतले, परत आले, पुडा टेबलावर ठेवला आणि सरांना सांगितलं.

त्यांनी नळी हातात घेतली, उजेडात धरली. "बरं झालं बोललीस," एवढंच म्हणाले. पुडा त्यांनी शिपायाला देऊन टाकला.

सगळं पहिल्यापासून पुन्हा केलं. दर थेंबाला नवी नळी. या वेळी कागदावर तपकिरी फराटा उमटला, त्या उंचीवर ठामपणे ठिपका म्हणावं असं काही नव्हतं. तिसऱ्यांदाही नाही. सरांनी वहीत लिहिलं, निष्कर्ष काढता येत नाही. दिवा परत करायची मुदत संपली होती. पुढच्या वर्षी ते निवृत्त होऊन गावाकडे गेले. ती वही ते बरोबर घेऊन गेले की टाकून गेले, मला माहीत नाही.

भाऊ सोळाव्या वर्षी गेला. छातीत कफ झाला आणि तो बाहेर टाकण्याइतकी ताकद उरली नव्हती. आमच्यात प्रेत बसवून पुरतात. त्याचे गुडघे आणि पाठ कधीचीच वाकून आखडली होती. त्याला बसवायला कुणाला कष्ट पडले नाहीत. वडिलांना ते बघवलं नाही, ते पाठ करून उभे राहिले.

पाहुणे गेल्यावर अव्वा माझ्याजवळ येऊन बसली. तिचं माहेर कर्नाटकाच्या हद्दीवरच्या मैंदर्गीचं. तिचा एक भाऊ लहानपणी गेला होता एवढंच आम्हाला माहीत होतं.

"माझा भाऊबी असाच मांडीवर हात टेकून उठायचा," ती म्हणाली. "ह्ये माझ्यातनंच आलं, व्हय की न्हाय?"

सरांना मी नळीचं खरं सांगितलं होतं. अव्वाला सांगता आलं नाही. मी म्हणाले, न्हाय अव्वा, असं आपोआप होतं कधी कधी, कुणाकडनं येत नाही. हेही अगदीच खोटं नव्हतं, काहींच्या घरी तसं होतं. आमच्या घरी तसं नव्हतं.

"तू शिकलीस त्यातलं," ती म्हणाली. "मग तसंच आसंल."

दोन वर्षांनी मला बार्शीचं स्थळ आलं. चांगलं होतं. मी नको म्हणाले. दुसरं आलं, तिसरं आलं. वडील चिडले, मग गप्प झाले. एका दुपारी अव्वा ज्वारी निवडत होती. हात न थांबवता ती म्हणाली, "तुला पोरं नको हायेत. म्हंजी ते माझ्यातनंच आलंय. मला कळलं."

तिनं सूप बाजूला ठेवलं आणि ती उठून चुलीकडे गेली. माझ्या लग्नाचा विषय तिनं नंतर कधी काढला नाही.

त्याच आठवड्यात ती एकटीच एस.टी.नं मैंदर्गीला गेली. तिथं तिच्या दोघी बहिणी होत्या आणि त्यांच्या मुली लग्नाच्या होत्या. तिनं दोघींना समोर बसवून कन्नडमध्ये सगळं सांगितलं. भावाचं, मुलाचं, आणि हे बायकांतून जातं हेही. मुली द्यायच्या आधी विचार करा म्हणाली. थोरलीनं तिला, तुझं पोर गेलं म्हणून आमच्या पोरींवर करणी करतीस का, असं म्हटलं. धाकटीनं पाणीसुद्धा विचारलं नाही. संध्याकाळच्या गाडीनं अव्वा परत आली आणि चपला काढता काढता म्हणाली, सांगून आले.

त्या मुलींची लग्नं वर्षभरात झाली. आम्हाला पत्रिका आल्या नाहीत.