कोंबडीचं अळणी पाणी

कोंबडीच्या पाण्याला सूप म्हणतात हे मला डॉक्टरकडे कळलं. आमच्यात त्याला पाणीच म्हणतात. बाळंतिणीला द्यायचं, तापातून उठलेल्याला द्यायचं, आणि थंडी पडली की जेवणाआधी घरातल्या सगळ्यांना अर्धी-अर्धी वाटी द्यायची. त्याला काही मोठी विद्या लागत नाही. गावठी कोंबडी लागते आणि धीर लागतो. दुकानातली पांढरी कोंबडी एका शिटीत शिजते. जी एका शिटीत शिजते तिच्या पाण्यात काय उतरणार?

मी कोंबडी सारसोळ्याच्या एका कोळणीकडून आणायची. घरी आणून साफ करायची, तुकड्यांना हळद चोळायची, ठेचलेलं आलं, लसूण, चार मिरी आणि एक कांदा टाकायचा आणि बुडेल त्याच्यावर चार बोटं पाणी घालून मंद गॅसवर ठेवायची. झाकणावरही पाणी. वर आलेला फेस काढत राहायचं. मांस हाडावरून सुटायला लागलं की वरचं पाणी काढून घ्यायचं, आणि मग उरलेल्यात मसाला घालून बाकीच्यांचं कालवण. एका कोंबडीत आजारी माणसाचंही भागतं आणि धडधाकट माणसांचंही.

त्या वर्षी आजारी माणूस म्हणजे माझे मालक होते. नव्वदच्या दशकातली गोष्ट आहे. आमचं गाव जासईकडे. मालकांनी उभं आयुष्य मिठागरात काढलं. मग मिठागरांवर भराव पडला, तिथे कंटेनर उभे राहिले, आणि आम्ही नेरुळला मुलाकडे आलो. मुलगा रबाळ्याला कंपनीत होता. एक खोली, एक स्वयंपाकघर, एक गॅलरी. मालक गॅलरीत बसून राहायचे. थंडी सुरू झाली तसे त्यांचे पाय सुजले. आधी चप्पल होईना, मग दोन पावलांत दम लागायला लागला.

डॉक्टरने त्यांच्या नडगीवर अंगठा दाबला आणि काढला. ओल्या चिखलात बोट रुतवावं तसा खळगा पडला आणि तसाच राहिला. मी बघत राहिले. माणसाच्या मांसाने परत वर यायला पाहिजे की नको? ते येईचना.

डॉक्टर म्हणाला, "आजी, हृदय दमलंय यांचं. अंगात पाणी साठतंय. आजपासून मीठ बंद."

"कमी करू?" मी विचारलं.

"कमी नाही, बंद. लोणचं, पापड, सुकट, बोंबील, सगळं बंद. अंगात ताकद यायला चिकनचं सूप द्या, पण बिनमिठाचं. हे पाणी उतरलं नाही ना, तर पुढच्या वेळी भरती करावं लागेल, आणि त्यानंतरचं मी काही सांगू शकत नाही."

हे त्याने मालकांच्या देखतच सांगितलं. मला ते बरं वाटलं. झाकून ठेवून काय होतं?

घरी आल्यावर मी मालकांचा स्वयंपाक वेगळा केला. भाकरी अळणी, भाजी अळणी, पाणी अळणी. पहिल्या दिवशी त्यांनी वाटीला तोंड लावलं आणि वाटी सरकवली.

"अगो, भांडी धुतलेला पानी हाय का काय हा?"

"तेच हाय. प्या," मी म्हटलं.

प्यायले नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र प्यायले. तिसऱ्या दिवशी वाटी पुसून स्वच्छ. मी मनात म्हटलं, चला, मरणाची भीती वाटली माणसाला, अक्कल आली. मी दिवसाआड कोंबडी आणायला लागले. कोळीण हसायची. "आजी, माजा अख्खा खुराडा तुजे म्हाताऱ्याचे पोटान् गेला गो!"

खुराडा रिकामा होत आला, पण पाय उतरेनात. मी रोज सकाळी अंगठा दाबून बघायची. खळगा तसाच. डॉक्टरने गोळी वाढवली. मालक रात्रभर उशीला टेकून बसून झोपायला लागले, कारण आडवं झालं की जीव घाबरा व्हायचा. डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाला, "आजी, मीठ नक्की बंद आहे ना?" मला राग आला. मी म्हटलं, "माझ्या हातचं मीठ त्यांच्या पोटात गेलं असेल तर माझा हात झडो." असं बोलून मी उठून आले.

मग तो दिवस आला. संध्याकाळची वेळ, थंडी चांगलीच होती. मालक अर्धी वाटी पिऊन भिंतीला टेकले आणि तसाच त्यांचा डोळा लागला. इतक्या दिवसांत वाटी अर्धी राहिली ती पहिल्यांदाच. गावठी कोंबडीचं पाणी मोरीत ओतायचं म्हणजे पाप. मी उभ्या-उभ्या वाटी तोंडाला लावली.

पाणी खारट होतं. जरा चवीपुरतं नव्हे, मिठागराच्या कोंडीत पडून नाकातोंडात पाणी जावं तसं खारट.

मी वाटी खाली ठेवली आणि परत उचलून परत चव घेतली. माझ्या जिभेवर माझा विश्वास बसेना. मग वाटलं, मीच चुकून टाकलं का? म्हातारपणी हात सवयीने डब्यात जातो. इतके दिवस मी पाणी चाखलं नव्हतं. चाखायचं कशाला? बाई चाखते ती मिठासाठी. मीठच नाही तिथे काय चाखायचं? स्वयंपाकघरात जाऊन मी पातेल्यातलं बघितलं. पातेल्यातलं अळणी. अगदी भांडी धुतल्यासारखं.

म्हणजे पातेल्यात मीठ नाही आणि वाटीत आहे. आणि मधे आमचं घर.

सून भाकऱ्या थापत होती. मी वाटी तिच्यासमोर ठेवली. "चाख."

तिने चाखली नाही. तिचे हात पिठात थांबले. "आई, मी फक्त चिमूटभर टाकते."

मी पाटावर बसले. ही पोरगी शिकलेली, डॉक्टरच्या गोळ्यांची वेळ तीच सांभाळायची. "तुला ठाऊक हाय ना डॉक्टर काय बोलला?"

"ठाऊक आहे. पण पहिल्या दिवशी बाबांनी वाटी सरकवली ना, मला बघवलं नाही. पोटात काहीच गेलं नाही तर नुसत्या गोळ्यांनी काय होणार? चिमटीने असं किती होतं, आई? तुम्ही मसाला भाजायला वळता तेवढ्यात टाकते."

"चिमटीने इतका खारट होतो?"

तिने आता बोट बुडवून चाखलं. "नाही... एवढं नाही. आईशप्पथ, एवढं मी नाही टाकत."

तेवढ्यात मुलगा बाजार करून आला; पहिल्या पाळीहून घरी येऊन, बापाच्या हातात वाटी देऊनच तो गेला होता. रोज तो आल्यावर बापाजवळ बसून त्याला पाणी प्यायला लावायचा. मी म्हणायची, पोरगा गुणाचा आहे. मी त्याला काही विचारलं नाही. नुसती वाटी पुढे केली. त्याने वाटीकडे बघितलं, बायकोच्या तोंडाकडे बघितलं, आणि त्याचा हात आपसूक शर्टाच्या खिशावर गेला. मी त्याच्या खिशात हात घातला. कंपनीच्या कॅन्टीनमधली कागदाची पुडी निघाली. मीठ.

"तू पन?" मी म्हटलं.

"आई, टेन्शन नको घेऊ. एवढंसंच टाकतो. बाबा खूश होतात."

सून म्हणाली, "तुम्ही टाकता? मी टाकते ना!"

"तू टाकतेस? मग मला सांगायचं नाही का?"

"तुम्ही सांगितलंत का?"

खोलीतल्या खोलीत राहणारी नवरा-बायको, एकाच वाटीत रोज मीठ टाकत होती, आणि एकमेकांना पत्ता नव्हता. मला हसावं की रडावं कळेना. मी दोन्ही केलं नाही. मी म्हटलं, "मारा बापाला. दोघं मिळून मारा. चव घेऊन मरेल."

आमच्या आवाजाने मालक जागे झाले. आम्ही बाहेर आलो तेव्हा ते शांतपणे बसले होते, आणि आधी त्यांनी विचारलं ते हे, "माजी वाटी कोनी नेली?"

"तुम्हाला ठाऊक होतं? दोघंही टाकतात?" मी विचारलं.

"ठावा होता." ते जरा हसले. "ती बोलली, बाबा, आईला सांगू नका. हा बोलला, बाबा, आईला सांगू नका. मी कशाला सांगू?"

मग त्यांनी उशीच्या अभ्र्यात हात घातला आणि एक फडक्याची पुरचुंडी काढली. सोडली. आत जाडं मीठ, मातकट रंगाचं, खड्यांचं. मी ते बघताच ओळखलं. आमच्या मिठागराचं. भराव पडायच्या आधी त्यांनी ते बांधून आणलं असणार. इतकी वर्षं माझ्या घरात होतं आणि मला माहीत नव्हतं.

"हा पन टाकता?"

"रोज एक खडा."

मी तिथेच कपाळाला हात लावून बसले. तीन माणसांचं मीठ. मी मरमर करून पातेल्यातून मीठ बाहेर ठेवत होते, आणि घरातलं एकही माणूस असं नव्हतं की ज्याने ते परत आत टाकलं नाही.

मुलगा म्हणाला, "बाबा, आमचं दोघांचं होतंच की वाटीत. मग हे कशाला?"

"तुमचा दुकानाचा मीठ. त्याची चव येते, गुन नाय येत." मालकांनी पाय पुढे केले. "मना सांगा, चाळीस वरसा मी या मिठान् उभा रायलो. घोट्यापर्यंत. कवा सुजले पाय? कवा नाय. मीठ सुटला, इथे आलो, न् सुजले. मंग पायांना काय कमी पडला? तो डॉक्टर पोरगा हाय, त्यानी मिठागर बघला नाय. तो पुडीतल्या मिठाचा सांगतंय. हा आपला हाय."

मला वाटलं होतं, म्हातारा जिभेचा हावरा. पण तो औषध घेत होता. रोज एक खडा, डॉक्टरच्या गोळीसारखा, नेमाने. आणि त्याचं म्हणणं खोटंही नव्हतं. पाय खरोखरच तेव्हा सुजले नव्हते.

मी रागाने पुरचुंडी ओढली. मीठ फरशीवर सांडलं. मालक ताबडतोब वाकले आणि दम लागत असतानाही एकेक खडा वेचायला लागले.

मुलगा म्हणाला, "राहू द्या बाबा, सांडलेलं मीठ देवाघरी गेल्यावर पापण्यांनी वेचायचंच असतं ना."

"गप," मी म्हटलं. ते वाकलेले, छाती भात्यासारखी हलतेय, आणि हात मिठावर. ते बघून मला एकदम सुचलं.

"अवो, मिठाची गोन पावसान् ठेवली तं काय होतं?"

"पानी सुटतं," ते न बघताच म्हणाले.

"गोनीवर ताडपत्री घातली तरी?"

"तरी सुटतं. हवेतला ओढतं मीठ."

"कोठारात जमीन कोरडी राहते?"

"नाय राहत. खाली थारोळा होतो. तुना काय ठावा नाय काय?"

"मना ठावा हाय. तुमी सांगा. मीठ पानी ओढतं. मंग तुमच्या पोटात मीठ गेलं तं ते काय ओढणार? तेव्हा मीठ तुमच्या बाहेर होतं. आता मीठ तुमच्या आत हाय. तुमची गोन झाली हाय, गोन. पायांत थारोळा साचलाय."

ते थांबले. हातात खडा तसाच. त्यांनी स्वतःच अंगठा नडगीवर दाबला आणि काढला. खळग्याकडे बघत राहिले. त्यांच्या तोंडावर तेव्हा जे दिसलं ते मी त्यांच्या आईच्या मरणातही बघितलं नव्हतं. माणूस आपल्याच धंद्याला घाबरला होता.

मी स्वयंपाकघरातून मिठाचा डबा उचलला आणि खालच्या मजल्यावरच्या बाईकडे ठेवायला दिला. तिने विचारलं, "भांडण झालं का हो, मावशी?" मी म्हटलं, "व्हायचं तेवढं झालं." कालवण त्या दिवशी मसाल्याचं झालं, पण मिठाशिवाय. सगळ्यांना तेच. मुलाने पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. मी म्हटलं, "बापाची दया येते ना? खा."

मालकांना मी पातेल्यातलं नवं पाणी दिलं. त्यांनी घोट घेतला आणि माझ्याकडे बघितलं.

"अगो... असाच पानी तू रोज देत होतीस मना?"

"रोज."

"आन् मी समजत होतो, म्हातारीचे हाताला चव हाय."

प्यायले. नाक धरून, पण प्यायले. आम्ही पण प्यायलो. ती सगळी थंडी आमच्या घरात तसंच शिजलं. मुलगा कॅन्टीनमध्ये खाऊन यायचा की काय मला माहीत नाही, मी खिसे तपासणं सोडलं. पण बापाच्या वाटीजवळ कोणी फिरकलं नाही. पायाचा खळगा आधी उशिरा भरायला लागला, मग लवकर. संक्रांत होऊन गेली तेव्हा मालक आडवे झोपले होते, आणि मी दोनदा उठून त्यांचा श्वास बघितला, कारण ते बसलेले नसले की मला वाटायचं, गेले.

पुरचुंडी मी फेकली नाही. मीठ फेकायची माझी छाती नाही. गॅलरीत खिळ्याला टांगून ठेवली. पुढे पावसाळ्यात एका सकाळी तिच्याखाली फरशी ओली झाली होती. पाऊस आत येत नव्हता, खिडकी बंद होती. फडक्याच्या टोकाला थेंब धरत होता आणि पडत होता. मालक खुर्चीवर बसून बराच वेळ ते बघत होते. मग त्यांनी लुंगी वर केली, आपले दोन्ही पाय नीट निरखले, आणि मला म्हणाले, "अगो, खाली वाटी ठेव काय तरी. घर खारट होईल."