हॉलमधला पलंग

“कंटेनर उतरला की बघू, वहिनी.”

लग्नाचा विषय काढला की त्याचं हे उत्तर ठरलेलं. म्हणायचा आणि समोर जे असेल त्यावर नखाने टकटक करायचा. आमच्या दुबईच्या ऑफिसात तो हॉटेलं-बंगल्यांसाठी युरोपातून मार्बल मागवण्याचं काम बघायचा, त्यामुळे दिसेल ते वाजवून बघायची सवयच जडली होती त्याला. फरशी, टेबल, आमच्या गाडीची काच, एकदा तर माझा जेवणाचा डबा. “आत तडा असला की आवाज बद्द येतो,” म्हणायचा. जेबेल अलीच्या बंदरात त्याचा कुठला ना कुठला कंटेनर अडकलेला असायचाच. तो उतरेपर्यंत चिपळूणच्या या चांगल्या, कमावत्या, पस्तिशी उलटलेल्या मुलाचं लग्न लांबणीवर.

असा एखादा बिनलग्नाचा मुलगा तुमच्याही ओळखीत असेल, आणि त्याला बघून बायकांचा जीव कसा वरखाली होतो ते तुम्हाला सांगायला नको. आखातात तर विचारूच नका. शुक्रवारी चार मराठी घरं जमली की पुरुष क्रिकेटवर बोलणार आणि आम्ही बायका स्थळांवर. माझ्यापेक्षा तो चार-पाच वर्षांनी लहान, मी त्याला हक्काने अरे-तुरे करायची, आणि हक्काने मुलीही सुचवायची. शारजाच्या शाळेतली बाई, ठाण्याची सीए, माझ्या नणंदेच्या जावेची बहीण. फोटो नीट बघायचा, “छान आहे हो” म्हणायचा, अगदी मनापासून. की झालीच टकटक.

दुबईतल्याच इंटरनॅशनल सिटी नावाच्या वस्तीत तो मारेक नावाच्या एका पोलिश इंजिनिअरबरोबर राहायचा. दोन पुरुषांनी भाड्याची जागा वाटून घेणं तिथे इतकं साधं की कुणी मान वर करून बघत नाही. लग्नाशिवाय बाई-पुरुष एकत्र राहिले तर दारात पोलीस. दोन बाप्ये राहिले तर बॅचलर शेअरिंग! आम्ही रोज ऑफिसला शारजाहून निघायचो, गाडी आमचे हे चालवायचे, आणि वाटेत त्याच्या घराजवळच्या ड्रॅगन मार्ट बाजारापाशी त्याला उचलायचो. कधी मारेकही त्याच्यासोबत रस्त्यापर्यंत यायचा. उंच, लाजरा, उन्हाने कान लालबुंद. मराठीतले दोनच शब्द त्याला यायचे, ‘वहिनी’ आणि ‘बास’, कारण कधी घरी आला की मी त्याला पोहे वाढायची.

मग ती मंदी आली आणि सगळ्याचीच वाट लागली. क्रेन जिथल्या तिथे थांबल्या. सकाळी ऑफिसात जावं तर शेजारची खुर्ची रिकामी. लोक गाड्या विमानतळावर सोडून मायदेशी पळाले, आणि त्या गाड्यांवर बोटभर धूळ. मारेकची कंपनी बुडाली. तिथे नोकरी गेली की व्हिसा जातो, आणि व्हिसा गेला की माणसाने महिन्याभरात बाहेर पडायचं. माझी नोकरी गेली असती तर मी ह्यांच्या व्हिसावर राहिले असते. नवरा-बायकोला तेवढी सोय असते. रूममेटला कुठली?

मारेक गेला. त्या दिवसांत आमचा मार्बलवाला गाडीत बसला की काचेवर डोकं टेकून बाहेर बघत राहायचा. आमच्या ह्यांना वाटलं, एकट्यावर भाडं पडलं म्हणून बिचारा काळजीत आहे. आणि आपली माणसं अशा वेळी जे करतात तेच आम्ही केलं. त्याला नवा रूममेट शोधून दिला! माझा चुलतभाऊ संदीप, नोकरी टिकलेला, पण स्वस्त जागेच्या शोधात. शुक्रवारी जेवण झाल्यावर आम्ही संदीपला घेऊन थेट त्याच्या दारात. न विचारता, न सांगता. आमच्यात विचारतो कोण?

दार उघडल्यावर त्याने आधी मागे वळून आत पाहिलं. मग “या, या” म्हणाला. जागा लहानच होती. बेडरूममध्ये डबलबेड, हॉलमध्ये भिंतीला लावलेला एक सिंगल पलंग. “मारेक हॉलमध्ये झोपायचा,” त्याने सांगून टाकलं. कुणी विचारलं नव्हतं.

संदीप त्या पलंगावर धपकन बसला आणि खालून कचकच आवाज आला. त्याने चादरीचं टोक वर केलं. “अरे वा, गादी नवीकोरी! प्लास्टिकसुद्धा काढलं नाही.”

“गोऱ्यांचं असंच,” आमचे हे म्हणाले. “वस्तू जपून वापरतात.”

मी गादीकडे पाहिलं. दुकानातून आली तशीच होती, कडेची चिकटपट्टीसुद्धा निघालेली नव्हती. ते दोघं तिथे किती वर्षं राहत होते ते मला माहीत होतं. मग मी त्याच्याकडे पाहिलं, तर त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“चहा टाकतो,” म्हणत तो स्वयंपाकघरात गेला. मी मागोमाग.

“वहिनी,” तो म्हणाला. आणि आधी दार लोटून घेतलं. त्या देशात ही गोष्ट बाहेर पडली तर आधी तुरुंग आणि मग मायदेशी हकालपट्टी.

“मला काही दिसलेलं नाही,” मी म्हटलं. “आणि चहात साखर कमी घाल, ह्यांची वाढलीय.”

बाहेर येऊन संदीपला सांगितलं की ही जागा तुझ्या ऑफिसपासून फार लांब पडेल, चल. तो कुरकुरला, पण आला.

मला धक्का बसला नव्हता असं नाही. मी काही फार सुधारलेली बाई नाही, नाशिकच्या सोवळ्याच्या घरात वाढलेली. पण खरं सांगू का, मला राग आला तो भलत्याच गोष्टीचा. मेल्या, एवढ्या मुलींचे फोटो दाखवले, एकदा तोंड उघडायचं होतंस ना!

त्यानंतर मी आणि तो दुपारचा डबा ऑफिसच्या सॅम्पल रूममध्ये खायला लागलो. तिथे रॅकवर देशोदेशीचे मार्बलचे तुकडे मांडलेले असायचे आणि फारसं कुणी फिरकायचं नाही. तो एकेक तुकडा वाजवत मला युरोप समजावून सांगायचा. मला तोवर युरोप म्हणजे सगळे गोरे आणि सगळे एकाच वळणाचे, एवढंच वाटायचं.

“छे हो वहिनी. हा क्रीम रंगाचा बघा, स्पेनचा. तिथे दोन पुरुषांचं लग्न होतं, सरकारदरबारी. आमचा खाणवाला भाच्याच्या लग्नाचं जेवण फोनवर अर्धा तास वर्णन करत होता. हा पांढरा इटलीचा. माणसं गोड, पण म्हणतात, घरात काय ते करा, चर्चसमोर नको. आणि मारेकच्या गावी तर नावच काढायचं नाही. त्याची आई रोज त्याच्या लग्नासाठी मेणबत्ती लावते. मुलीशी लग्न, अर्थात.”

“आणि तुझी आई?”

“माझी आई गणपतीला एकवीस नारळांचं तोरण बोललीय. दोघी अगदी सारख्या.”

मारेक स्पेनला पोचला होता. तिथे नोकरी मिळाली, डोक्यावर छप्पर आलं की तो याला बोलावणार, आणि दोघं लग्न करणार. एवढंच ते स्वप्न होतं, आणि ते तो मला मार्बलच्या तुकड्यांमध्ये बसून सांगायचा. त्याचा तो चेहरा तुम्ही पाहायला हवा होता.

“आणि हळद रे?” मी विचारलं. “कोण कुणाला उष्टी हळद लावणार?”

तो इतका हसला की त्याला ठसका लागला. मी पाठीवर थापटलं. ठसका थांबल्यावर डोळे पुसत म्हणाला, “दोघांना तुम्हीच लावा. याल ना?”

“न यायला काय झालं? येते की.”

पण मंदी काय एकट्या दुबईत आली होती? स्पेनमध्ये तर बांधकामं दुबईपेक्षा वाईट बंद पडली. इंजिनिअर मारेक एका हॉटेलात भांडी विसळायला लागला, मग तेही सुटलं. त्याच्या स्वतःच्या देशात मात्र कामं चालू होती. शेवटी तो आईकडे परतला.

“म्हणजे बघा,” एका दुपारी सॅम्पल रूममध्ये तो दगड वाजवत म्हणाला, “जिथे लग्न होतं तिथे काम नाही. जिथे काम आहे तिथे लग्न नाही. आणि इथे मी आहे, तर तो नाही.” डब्यातली भाजी तशीच राहिली होती. ती मी टाकून दिली आणि त्याचा डबा विसळून ठेवला.

पुढच्या हिवाळ्यात एके दिवशी तो डबा न उघडता बसला होता. नखं वाजत नव्हती.

“मारेकचं लग्न ठरलं,” तो म्हणाला.

“अगं बाई!” मी टाळीच वाजवली. “कधी निघतोस?”

“माझ्याशी नाही, वहिनी.”

माझे हात तसेच हवेत राहिले.

“शाळेत शिकवते ती. आईच्या शेजारणीने जमवलं. आई आजारी असते, रोज रडते. किती दिवस नाही म्हणणार तो?” मग माझ्याकडे बघून, अजिबात राग नसलेल्या आवाजात तो म्हणाला, “तिकडेही वहिनी असतात.”

मला रडू आलं. तिथेच, त्या दगडांत बसून मी पदर नसलेल्या कुर्त्याच्या बाहीने डोळे पुसले. त्यानेच मला पाणी आणून दिलं. पाणी देता देता विचारलं, “संदीपला अजून जागा हवीय का? हॉल रिकामाच आहे.”

संदीप राहायला गेला. वर्षभरात आमची कंपनीही बंद झाली. आमचा मार्बलवाला मुसफ्फाच्या औद्योगिक वस्तीत एका कारखान्यात लागला असं कुणी म्हणालं, कुणी म्हणालं कतारला गेला. ड्रॅगन मार्टपाशी आमची गाडी सवयीने हळू व्हायची, मग पुन्हा वेग घ्यायची. त्याचा फोन बंद होता, संदीपलाही काही सांगून गेला नव्हता. चिपळूणचा पत्ता मी कधी विचारलाच नव्हता.

पुष्कळ वर्षांनी, मागच्या दिवाळीत, आम्ही संदीपच्या घरी फराळाला गेलो होतो. आता त्याचीही बायको आहे, स्थळ मीच आणलं होतं. टीव्हीवर युरोपातली बातमी चालू होती. आणखी एका देशाने अशा लग्नाला मान्यता दिली होती, आणि रस्त्यावर लोक नाचत होते. माझी मुलगी चकली मोडत म्हणाली, “व्हॉट्स द बिग डील, आई? धिस इज न्यूज?”

संदीपला त्या बातमीवरून काही आठवलं असेल असं नाही. तो गादी बदलायची म्हणून बायकोशी बोलत होता. त्यावरून मध्येच म्हणाला, “ताई, ते मार्बलवाले आठवतात का गं? विचित्र माणूस. मी बॅग हॉलमध्ये ठेवली तर म्हणाले, बेडरूम तू घे. अख्खा डबलबेड मला, आणि स्वतः हॉलमधल्या त्या पलंगावर. आणि त्या गादीचं प्लास्टिक, विश्वास नाही बसणार तुझा, शेवटपर्यंत काढलं नाही. उन्हाळ्यात पाठीला घाम यायचा, कूस बदलली की कचकच वाजायचं, मला आत ऐकू यायचं. म्हटलं, दादा, फाडून टाका की ते. तर म्हणाले, मारेकची गादी आहे, खराब नको व्हायला.”

“मी तेव्हाच म्हटलं होतं,” आमचे हे लाडू फोडत म्हणाले, “गोरे वस्तू जपून वापरतात.”

मी मुलीच्या हातातून रिमोट घेतला आणि टीव्हीचा आवाज मोठा केला.