लाखेचं सील असलेले पोहे: वेम्बलीहून केंब्रिजला, एका मलिद्यासाठी

रविवार, १० जून १९७३. सकाळी पावणेसहा वाजता मी वेम्बलीतल्या माझ्या खोलीत एक नारळ कानाशी धरून हलवत होतो. पाणी होतं. दुसऱ्यातही होतं. रात्री झोपण्याआधीही होतंच, पण केंब्रिजमध्ये रविवारी नारळ मिळेल याचा काय भरवसा? तुम्ही कधी असे निघालात तर नारळ दोन घ्या. एक फोडायला आणि एक धीर राहायला.

आम्ही केंब्रिजला निघालो होतो एका सभेला. इंग्लंडमधले ज्यू म्हणजे एक कुटुंब, असं बाहेरच्यांना वाटतं. प्रत्यक्षात काहीजण पिढ्यानपिढ्या लंडनचे, काहीजण बगदादहून कलकत्त्यामार्गे मँचेस्टरला आलेले, काहीजण एडनचे, आणि आम्ही बेने इस्राएल कोकणातून मुंबईला आणि मुंबईहून वेम्बलीला आलेलो. देव एक, पण एकमेकांच्या दारात सहसा कोणी जात नाही. ते बदलावं म्हणून डॉक्टर, वकील, प्रोफेसर, हेडमिस्ट्रेस अशी निरनिराळ्या क्षेत्रांतली मोठी माणसं एकत्र येऊन एक मंडळ काढणार होती. सभेत प्रत्येक गटाने आपली एक रीत सर्वांना दाखवायची असं ठरलं होतं. आम्ही मलिदा दाखवणार होतो. भिजवलेल्या पोह्यांत साखर, खोबरं, वेलदोडे घालायचे, ताटात पाच फळं मांडायची, एलिया हनाबीचं, म्हणजे एलिया संदेष्ट्याचं, नाव घ्यायचं आणि देवाचे आभार मानायचे. लग्नकार्य असो, आजारपणातून उठणं असो, मलिद्याशिवाय आमचं पान हलत नाही.

माझी घालमेल मात्र मंडळासाठी नव्हती. ऑगस्टात माझं आणि हन्नाचं लग्न ठरलं आहे. हन्ना इथल्या हॉस्पिटलात नर्स आहे. तिचे आजोबा सॅम्युएल पेणकर आमचे हझान, म्हणजे प्रार्थना चालवणारे. लग्नाआधी मलिदा व्हायलाच हवा, आणि सगळी माणसं बसतील अशी जागा आम्हां कोणाच्याच घरात नाही. वेम्बलीजवळचा प्रार्थनालयाचा हॉल मिसेस फेल्डमन यांच्या हातात. त्या एका ज्यू शाळेच्या हेडमिस्ट्रेस. त्या नाही म्हणाल्या नव्हत्या. “आधी ते काय आहे ते बघावं लागेल,” एवढंच म्हणाल्या होत्या. आणि आजोबांचं म्हणणं सरळ होतं: “मलिदा इथं होत नसेल तर मुंबईला जाऊन लग्न करा.” दोघांचं विमानाचं भाडं जमवायला मला पार्क रॉयलच्या फॅक्टरीत अजून दोन वर्षं खोकी भरावी लागली असती. म्हणजे मिसेस फेल्डमन केंब्रिजला मलिदा बघून काय म्हणतात, त्यावर माझं लग्न अडलं होतं.

साडेसातला स्टॅनमोरहून डॉक्टर एझ्रा भाड्याची मिनीबस घेऊन आले. ते मुलांचे डॉक्टर, या सगळ्या मंडळाच्या खटपटीत आमच्या बाजूने पुढे असणारे. मागे आजोबा, हन्ना, तिची आई आणि मी. पातेली, ताटं, फळं पायांशी. नारळ मी मांडीवर घेतले.

“बेनी, बाळं आहेत का ती?” हन्ना म्हणाली.

“सीटवरून घरंगळतील.”

“असू दे, असू दे,” आजोबा म्हणाले, “सांभाळून राहणारा मुलगा आहे. पोरगी द्यायला हरकत नाही.”

“अहो आजोबा, दिलीय तुम्ही आधीच!”

“अजून मलिदा झालेला नाही,” आजोबा म्हणाले, आणि खिडकीबाहेर बघू लागले.

रस्ता सांगतो. नॉर्थ सर्क्युलर रविवारी सकाळी इतका मोकळा असतो की आपण चुकून दुसऱ्याच शहरात आलो असं वाटतं. पुढे ए-१० धरायचा. वेअर, बंटिंगफर्ड, रॉयस्टन. वेअरनंतर दोन्हीकडे हिरवंगार शेत आणि मध्येच एखादं चर्च, जणू कोणी ठेवून विसरून गेलंय. चढावर मिनीबस धापा टाकते, तेव्हा मागून येणाऱ्यांनी हॉर्न वाजवला तरी लक्ष देऊ नये. रॉयस्टनला एका कॅफेत चहा घेतला, कप सात पेन्स. चहा पातळ, पण बाई चांगली. तिने आजोबांची टोपी बघून विचारलं, “क्रिकेट बघायला निघालात का, लव?” आजोबांनी मान डोलावून “हो” म्हटलं. गाडीत म्हणाले, “आता तिला कुठं एलिया हनाबीपासून सांगत बसू?”

पावणेदहाच्या सुमाराला ट्रम्पिंग्टनकडून शहरात शिरलो. केंब्रिजमध्ये मोटार म्हणजे पाहुणी आणि सायकल म्हणजे घरमालकीण. डॉक्टरांना दोनदा ब्रेक दाबावा लागला, दोन्ही वेळा माझे नारळ वाचले. नदीकाठच्या कुरणात गाई चरत होत्या, त्यांच्यामागे दगडी कॉलेजांचे मनोरे. हन्नाची आई म्हणाली, “एवढं शिकलेलं गाव आणि गाई मोकळ्या!” तिला ते फार आवडलं.

हॉल एका गल्लीत होता. सभा वर, स्वयंपाकघर खाली. खाली मिसेस फेल्डमन एप्रन बांधून उभ्या. त्या दिवशी स्वयंपाकघरात खाण्यापिण्याचे धर्माचे नियम पाळले जातात की नाही, हे बघायची जबाबदारीही त्यांच्याचकडे होती. त्यांनी आठवड्याआधीच फोनवर बजावलं होतं: सगळं सामान दुकानातलं, बंद पाकिटातलं, सुटं काही नको. मी ते मनावर घेतलं होतं. ईलिंग रोडवरच्या गुजराती दुकानात पोहे उघड्या पोत्यात असतात, म्हणून तिथे गेलोच नाही. गोल्डर्स ग्रीनच्या एका ज्यू वाण्याकडून तीन सीलबंद पाकिटं आणली. वर चपट्या तांदळाचं चित्र होतं आणि इंग्रजीत तेच छापलेलं. चपटा तांदूळ म्हणजे पोहेच की. मिसेस फेल्डमननी पाकिटं उलटसुलट बघितली आणि “एक्सलंट” म्हणाल्या. माझी छाती फुगली.

मी ते पातेल्यात भिजवले आणि हन्नाबरोबर नारळ खवायला बसलो. थोड्या वेळाने तिच्या आईने झाकण काढलं आणि लगेच पुन्हा ठेवलं. मग मी काढलं. आत पांढरी खळ होती. भिंतीवर पोस्टर चिकटवतात तशी. चमचा घातला तर उभा राहिला.

“हे इंग्रजांच्या पुडिंगचं आहे, बेनी,” हन्ना हळूच म्हणाली. “हॉस्पिटलात दुधात शिजवून पेशंटला देतात. मी रोज बघते.”

“मग आधी का नाही सांगितलंस?”

“तू पाकिटं मला दाखवलीस का? कपाटात लपवून ठेवली होतीस, हवा लागेल म्हणून.”

आजोबा आले. त्यांनी चमचा हलवून बघितला. मला वाटलं ओरडतील. ते खुर्चीवर बसले आणि म्हणाले, “खिरीवर मी आशीर्वाद म्हणणार नाही. जे नाही ते दाखवायचं आणि हाच मलिदा म्हणायचं, ते नको. सांगू त्यांना, आमचं आज जमलं नाही.” ओरडले असते तर बरं झालं असतं.

डॉक्टर एझ्रांना वरून बोलावून आणलं. त्यांनी पातेलं बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि फोन शोधायला गेले. केंब्रिजच्या हॉस्पिटलात त्यांचे जुने सहकारी डॉक्टर जोशी आहेत, पुण्याचे. फोन त्यांच्या पत्नीने, मालतीताईंनी घेतला. आम्हाला एका बाजूचंच बोलणं ऐकू येत होतं: “वहिनी, एक विचित्र प्रश्न विचारतो. घरी पोहे आहेत का? ... नाही, नाही, नाश्ता झालाय. ... किती? जेवढे असतील तेवढे.”

वीस मिनिटांत मालतीताई सायकलवरून आल्या. साडीवर कोट, पायांत बूट, पुढच्या टोपलीत पांढऱ्या कापडाची गच्च पिशवी. “अहो, कोणाचं लग्न अडलंय म्हणे पोह्यांवाचून?” असं विचारतच आत शिरल्या. सगळ्यांनी माझ्याकडे बोट केलं.

पण मिसेस फेल्डमन दारातच आडव्या आल्या. “माफ करा, घरचं धान्य नाही चालणार. सीलबंदच हवं. सगळ्यांना एकच नियम.”

मालतीताईंनी पिशवी टेबलावर ठेवली. मग आम्ही सगळ्यांनी ती नीट बघितली. मांजरपाटाची पिशवी, चारी बाजूंनी बारीक टाक्यांनी शिवलेली, आणि शिवणीवर बोटाबोटाच्या अंतराने लाल लाखेची सीलं. पुण्याहून रजिस्टर पार्सलने आलेली, पोस्टाच्या शिक्क्यांसकट.

“आईने पाठवलीय,” मालतीताई म्हणाल्या. “बोटीने आली. मार्चपासून तशीच आहे. उघडली की संपणार, म्हणून उघडवत नव्हती.”

मिसेस फेल्डमननी चष्मा चढवला. एकेक सील बोटाने चाचपलं. पिशवी उलटी करून खालचीही बघितली. “माझ्या उभ्या आयुष्यात,” त्या म्हणाल्या, “इतकं बंद असलेलं पाकीट मी पाहिलेलं नाही.” मग मालतीताईंकडे वळून हळू आवाजात, “पण तुम्हाला नक्की उघडायचंय का?”

मालतीताईंनी कात्री मागितली.

आत पातळ पोहे, आणि मधोमध खुपसलेली वेलदोड्यांची पुरचुंडी. मालतीताईंनी ती उचलून नाकाशी धरली. हन्नाच्या आईने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मग ताई म्हणाल्या, “हे पण घ्या. आईने लग्नासाठीच घातले असतील.”

एक अडचण उरलीच. धान्यात किडा असलेला आमच्या धर्माला चालत नाही, आणि पोहे बोटीने आलेले, वर तीन महिने पिशवीत पडून राहिलेले. “प्रत्येक दाणा बघावा लागेल,” मिसेस फेल्डमन म्हणाल्या. त्यांना वाटलं आम्ही नाराज होऊ. हन्नाच्या आईने तोवर टेबलावर पांढरी चादर पसरलीसुद्धा. “निवडायचेच असतात, बाई. न निवडता कोण भिजवतं?”

तेवढ्यात वरून सभा खाली आली. मंडळाच्या नावात कोणता शब्द आधी यावा यावर दोन तास वाद होऊन चहाची सुट्टी झाली होती. मँचेस्टरचे वकील मिस्टर मोझेस आणि यजमान प्रोफेसर एकमेकांकडे न बघता जिन्याने उतरले. मिसेस फेल्डमन वर्गातल्या आवाजात म्हणाल्या, “चहा नंतर. आधी बसा आणि निवडा.”

बसले की! मिस्टर मोझेस म्हणाले, “आमची आई पासोव्हरच्या सणाला तांदूळ तीनदा निवडायची. तिसऱ्या वेळी मला बसवायची, माझे डोळे तरुण म्हणून.” प्रोफेसर रसायनशास्त्राचे. त्यांनी एक पोहा उजेडात धरून विचारलं, “हा चपटा कशाने होतो?” आजोबांनी उभं राहून हवेतच मुसळ चालवून दाखवलं, दम लागेपर्यंत.

“थोडक्यात, मार खाऊन,” मिस्टर मोझेस म्हणाले. “आपल्यासारखाच.”

प्रोफेसर हसले. मग त्यांनी आपल्या पुढ्यातला ढीग मोझेसच्या ढिगाला लावला. नावाचा वाद टेबलावरच मिटला. कसा, ते मला कळलं नाही, कारण मी पोहे बघत होतो. किडा एकही निघाला नाही.

दुपारी वरच्या हॉलमध्ये आजोबांनी ताट मांडलं आणि एलिया हनाबीचं गाणं म्हटलं. संदेष्टा अलिबागजवळ येऊन गेला असं आमची माणसं मानतात, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा काहीजण गालात हसले. मिसेस फेल्डमन हसल्या नाहीत. “पासोव्हरला आम्हीही त्याच्यासाठी दार उघडून ठेवतो,” त्या म्हणाल्या. “वाट बघणाऱ्यांनी, ज्यांच्याकडे तो येऊन गेला त्यांना का हसावं?” आजोबांनी खजूर उचलून झाडाच्या फळाचा आशीर्वाद म्हटला. मग केळं उचलून जमिनीच्या फळाचा, कारण आमच्या धर्मात केळीला झाड धरत नाहीत. तिथे मिसेस फेल्डमनचा “आमेन” सगळ्यांच्या आधी आला, आणि मोठ्याने.

नंतर मलिद्याची वाटी हातात घेऊन त्या माझ्याकडे आल्या. “केळ्याला कोणता आशीर्वाद, यावर माझी निम्मी शाळा नापास होते,” त्या म्हणाल्या. “तुमच्या लग्नाआधीचा गुरुवार हॉलमध्ये मोकळा आहे. एक अट. पोहे निवडायला मला बोलवायचं.”

मी “येस, मिस” म्हणालो. शाळेतल्यासारखं. हन्ना अजून त्यावरून चिडवते.

संध्याकाळी एक तास हाताशी होता, म्हणून हन्ना आणि मी नदीवर नाव घेतली. भाडं साठ पेन्स. बांबूने ढकलायची ती चपटी नाव बघताना सोपी वाटते. मी तीनदा काठावर नेऊन आपटली आणि एकदा एका गाईजवळ. बांबू चिखलात रुतला तर बांबू सोडा, नाव सोडू नका, हा माझा अनुभवाचा सल्ला. पुलावरून आजोबा ओरडले, “अरे, नारळासारखी सांभाळ की!” नाव म्हणत होते की नात, ते विचारायचं राहून गेलं.

परत येताना सगळे झोपले. मी जागा होतो, कारण पातेल्यात उरलेला मलिदा मांडीवर होता. वेम्बलीत पोचल्यावर हन्नाच्या आईने तो वाटून टाकला. खालच्या मजल्यावरच्या आयरिश म्हातारबांनासुद्धा दिला. मंडळाचं नाव शेवटी काय ठरलं ते मला अजून नीट सांगता येत नाही. पण मिस्टर मोझेस आणि प्रोफेसर एकाच चादरीवर मान खाली घालून बसलेले डोळ्यांसमोरून जात नाहीत. लोक कसे एकत्र येतात असं मला कोणी विचारलं तर मी म्हणेन, निवडायला काहीतरी द्या.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी माझा खर्च: मिनीबसमधला वाटा एक पौंड वीस, पेट्रोल पस्तीस पेन्स, चहा दोघांचा चौदा, नारळ छत्तीस, पुडिंगच्या तांदळाची तीन पाकिटं एकोणचाळीस, नाव साठ. एकूण तीन पौंड चार पेन्स.

देणं: मालतीताईंची एक पिशवी. पोहे ईलिंग रोडवर मिळतात, मी नेऊनही देणार होतो. आजोबांनी अडवलं. त्यांनी अलिबागच्या बहिणीला लिहिलं आहे: पोहे पातळ घे, मांजरपाट नवा घे, मध्ये वेलदोडे खुपस, आणि शिवणीवर लाख लावायला विसरू नकोस.